दोन तास उशिरा

लुसियेन डेगलला नाश्त्याला काय हवं असतं, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. आमच्या सेंट कोरीनच्या खाणावळीत तो शिरला की मालकीण आधी बाकी सगळ्यांचं बघून घेते आणि मग कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहते. प्लॉय घ्यायचे हे तर ठरलेलंच. कुट्टूच्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली ही धिरडी सोडून आमच्या खोऱ्यात सकाळी दुसरं कोण काय खातंय? पण ते लोण्याबरोबर की काकवीबरोबर, इथे लुसियेनची गाडी अडते. तो लोण्याकडे बघतो, काकवीकडे बघतो, शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघतो. शेवटी म्हणतो, "निम्मे असे, निम्मे तसे."

आणि देवाची करणी अशी, की हाच माणूस आमच्या चार गावांच्या शाळांचा सुपरिंटेंडंट आहे. हिवाळ्यात पहाटे उठून आज शाळा भरणार की बंद राहणार हे सांगायचं काम त्याचं. मी जर्मेन, मोठ्या शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. लुसियेन आणि मी पहिलीपासून एका वर्गात होतो, त्यामुळे त्याला साहेब म्हणणं माझ्या जिभेला कधी जमलं नाही. त्याच्याबद्दल मी इथे जे सांगतेय ते सगळं त्याच्या तोंडावरही सांगून झालंय.

शाळा उघडी किंवा बंद, एवढेच दोन पर्याय असते तर लुसियेनने कधीच राजीनामा दिला असता. पण तिसराही एक आहे. शाळा दोन तास उशिरा. तेवढ्यात बर्फ हटवणाऱ्या गाड्या फिरतात, रस्त्यावर मीठ आणि वाळू पडते, उजाडतं, आणि झाकलेले खड्डे दिसायला लागतात. बाकीच्या सुपरिंटेंडंटांसाठी ही अडीनडीची सोय असेल. लुसियेनला ती देवाने खास आपल्यासाठी केल्यासारखी वाटते. गावाने त्याचं नावच पाडलंय, 'दोनतासे'.

तयारीत मात्र तो कमी पडत नाही, हे मान्य करायला हवं. बटाट्याच्या काढणीची सुट्टी संपून पोरं नखांतली माती घेऊन वर्गात परतली, की त्याच आठवड्यात वाचनालयात बैठक भरते. बाहेर मेपलची पानं लाल असतात आणि आत आम्ही जानेवारीच्या वादळाबद्दल बोलत असतो. दूध किती साठवायचं, पाव कुठे ठेवायचा, पोरांना मधूनच घरी सोडायची वेळ आली तर जेवण सकाळीच कसं वाढायचं, हे माझ्याकडे. बस जिनेतकडे.

जिनेत लागासे आमच्या बसगॅरेजची प्रमुख. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. इंजिन चालू असतानाही ऐकू यावा असा आवाज, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार. बर्फ पडल्यावर कोणत्या चढावर बस जाणार नाही हे ती सांगते, मग त्या वस्तीतल्या पोरांनी खाली चौकात येऊन थांबायचं. यावर कुणी वाद घालत नाही. ती गेली बैठक सोडून तर बाकी कुणाला चढही माहीत नाहीत आणि ड्रायव्हरही ऐकणार नाहीत.

बैठक संपली की निरोप रेकॉर्ड करायचे. ऐन वादळात पहाटे आवाज बसलेला असतो, म्हणून तीन निरोप आधीच करून ठेवतात, वेळ आली की बटण दाबायचं, की घरोघरी फोन वाजतो. फोन जिनेत धरते. गेल्या वर्षी मी तिथेच कप विसळत होते. शाळा बंदचा निरोप करता करता लुसियेनला घाम फुटला.

"नमस्कार. मी सुपरिंटेंडंट लुसियेन डेगल बोलतोय. खराब हवामानामुळे आज सर्व शाळा बहुधा..."

"बहुधा काढ," जिनेत म्हणाली.

"आज सर्व शाळा, आमच्या मते..."

"अरे, तुझ्या मते म्हणजे? आमच्या मते बंद, तुमच्या मते उघडी, असं असतं का? नुसतं बंद म्हण."

असं कितीदा तरी झालं. पण उशिराचा निरोप लागला आणि गडी एकदम खुलला. एका दमात, न अडखळता, रेडिओवरच्या माणसाला लाजवेल अशा आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी सुपरिंटेंडंट लुसियेन डेगल बोलतोय. खराब हवामानामुळे आज सर्व शाळा दोन तास उशिरा भरतील. सावकाश या, सुखरूप या."

"बघ गं जर्मेन," जिनेत म्हणाली, "याच्या थडग्यावर हेच कोरायला हवं."

तो हसला. ती बोलते तेव्हा तो नेहमीच हसतो, आणि मग कानाच्या पाळ्या लाल होतात. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

तो असा का झाला, हेही सांगते, नाहीतर मी नुसती टवाळी करते असं वाटेल. सुपरिंटेंडंट झाला त्याच हिवाळ्यात एकदा त्याने शाळा उघडी ठेवली आणि वरच्या वस्तीची बस उतारावर घसरून चरात गेली. कुणाला खरचटलंही नाही. पण लुसियेन धावत तिथे गेला, गुडघाभर बर्फातून एकेक लहान पोर खांद्यावर घेऊन जवळच्या शेतघरात पोचवत राहिला, आणि शेवटचं पोर आत गेल्यावर अंगणातच खाली बसला. ती बस चालवत होती जिनेत. तिने त्याला हाताला धरून उठवलं आणि सांगितलं, "रस्ता निसरडा होता, लुसियेन. तू नव्हतास." तेव्हापासून शाळा उघडी म्हणताना त्याला ती बस दिसते. आणि बंद म्हणताना दिसतात ती पोरं, ज्यांना दिवसातलं गरम जेवण माझ्या स्वयंपाकघरातच मिळतं. ती पोरं मलाही दिसतात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा. मला त्याची कीव येते, पण ती मी सहसा दाखवत नाही.

पहाटेचा त्याचा क्रम ठरलेला. आधी पिकअप घेऊन रस्ते बघायचे. मग बर्फगाडीवाल्या ओनीलला अडवून विचारायचं. मग दक्षिणेकडच्या गावांच्या सुपरिंटेंडंटला फोन, "तू काय करतोयस?" तो म्हणणार, "तू काय करतोयस?" दोघंही दुसऱ्याने आधी उडी मारायची वाट बघणार. आणि सगळ्यात शेवटी जिनेतचं गॅरेज. तिथे बस सुरू होतात की नाही हे बघायला जातो म्हणे. बस बाहेरूनही दिसतात, पण हा आत जातो, तिच्या हातची कॉफी पितो, खिशातून फडक्यात गुंडाळलेले गरम प्लॉय काढून तिच्यापुढे ठेवतो, आणि हवामानावर बोलतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती? इतके हिवाळे गेले, पण या माणसाच्या तोंडून हवामानाच्या पलीकडे शब्द निघाला नाही.

यंदा ख्रिसमसनंतर जिनेत माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या पोत्यावर बसली.

"कनेक्टिकटहून बहिणीचा फोन होता. तिच्या घराची वरची खोली रिकामी झालीय. तिथल्या बस कंपनीत माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवलाय तिने. फेब्रुवारी संपायच्या आत सांग म्हणते, नाहीतर भाडेकरू ठेवणार."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? इथे माझं आहे कोण?"

मी हातातला चमचा खाली ठेवला. "लुसियेनला सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"मग?"

"म्हणाला, बघू, हवामान कसं होतंय."

ती हसली, पण मला हसू आलं नाही. या खोऱ्यात जिच्याशी मी रोज भांडते अशी ती एकच बाई आहे, आणि ती गेली तर मी भांडू कुणाशी? मला लुसियेनचा भयंकर राग आला.

जानेवारी सगळा त्याच्या दोन तासांत गेला. पोरांची आपली वेगळीच तयारी चालू होती. बर्फ पडून शाळा बंद व्हावी म्हणून आमच्याकडची पोरं पायजमा उलटा घालून झोपतात, शिवण बाहेर. उशीखाली चमचा ठेवतात. लुसियेन दरवर्षी वर्गावर्गांतून फिरून हसत हसत बजावतो, "पायजम्याचं आणि ढगांचं काही नातं नसतं रे बाळांनो." पोरं मान डोलावतात आणि घरी जाऊन पायजमा उलटा करतात. माझी नात तर एकदा घाईत तशीच शाळेत आली, कोटाखाली उलटा पायजमा. त्या दिवशी बर्फ पडला होता, शाळा दोन तास उशिरा होती. तिचं म्हणणं, एकच पाय नीट उलटा झाला होता म्हणून निम्मंच काम झालं.

आयांचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. कागद कारखान्यात रात्रपाळी करणारी एक जण खाणावळीत सरळ लुसियेनच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "साहेब, बंद म्हणा, मी पोरांना आईकडे सोडते. उघडी म्हणा, बसमध्ये बसवते. तुमच्या त्या दोन तासांचं मी काय लोणचं घालू?"

ओनील पलीकडून म्हणाला, "ओरडू नको गं त्याला. लोणी की काकवी हे अजून ठरायचंय."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या वादळाचा इशारा आला. बुधवारी दिवसभर टीव्हीवरचा माणूस नकाशावर हात फिरवत होता. गुरुवारी दुपारी जिनेतच्या बहिणीचा फोन यायचा होता, शेवटच्या उत्तरासाठी. बुधवारी पोरं गेल्यावर लुसियेन माझ्या स्वयंपाकघरात आला, उरलेल्या ब्रेड पुडिंगची थाळी पुढे ओढली आणि म्हणाला, "जर्मेन, उद्याचं काय वाटतं तुला?"

"कशाचं? वादळाचं की जिनेतचं?"

तो चमचा शोधायला लागला.

"हे बघ," मी म्हटलं, "वादळ विचारून येत नाही. पण ती विचारून चाललीय. तुला विचारून गेली, आणि तू काय सांगितलंस तिला? हवामान. लाज नाही वाटली?"

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणेल. मग रोज पहाटे प्लॉय एकट्यानेच खा. तसेही ती गेल्यावर एकट्यानेच खायचे आहेत."

त्याने चमचा पुडिंगमध्ये खुपसला आणि तसाच ठेवला. "माझ्या एका हो म्हणण्याने बस चरात गेली होती, जर्मेन."

"आणि त्या अंगणातून तुला उठवलं कुणी?"

त्याने पुडिंग संपवलं नाही, आणि हे मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच बघितलं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला. "नमस्कार. मी सुपरिंटेंडंट लुसियेन डेगल बोलतोय. खराब हवामानामुळे उद्या सर्व शाळा बंद राहतील." नवीन रेकॉर्ड केलेला निरोप. त्यात बहुधा नाही, आमच्या मते नाही. माझा नवरा घास हातात धरून बघत राहिला. आदल्या संध्याकाळी? लुसियेन डेगल? माझ्या सासूबाईंनी तर कुणी वारलं का म्हणून विचारलं. नातीने चमचा आणला होता तो परत ड्रॉवरमध्ये टाकला. आता त्याची गरज काय?

गुरुवारी सकाळी मी पडदा सरकवला तर आभाळ निळंशार. एक ढग नाही. वादळाने वाटेतच विचार बदलला होता, सगळा बर्फ खाली दक्षिणेला बँगोरकडे ओतला आणि समुद्रावर निघून गेलं. आमच्या रस्त्यांवर नव्या बर्फाचा कणसुद्धा नव्हता. खाणावळीत गर्दी जमली. ओनील बर्फगाडी दारात लावून बसला होता आणि येईल त्याला विचारत होता, "काय, ढकलू का काही? काहीतरी ढकलायला द्या रे." जूनमध्ये पोरं मासे पकडायचं सोडून या दिवसाची भरपाई करत बसतील, याचा हिशेब कुणीतरी मोठ्याने मांडला. जन्मात एकदा ठाम बोलला आणि तेही चुकलं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

स्वयंपाकघर बंद, म्हणून मी जिनेतकडे गेले. नाक खुपसायला गेले म्हणा हवं तर. ती तव्याशी उभी होती. कोपऱ्यात खोकी होती, अजून रिकामी. आम्ही दोघी दुसरंच काहीबाही बोलत होतो, तेवढ्यात पिकअपचा आवाज आला.

लुसियेन दारात उभा राहिला. दाढी गुळगुळीत, केस पाण्याने बसवलेले, हातात टोपी. प्लॉय नाहीत. मी उठायला लागले, तर म्हणाला, "बस, जर्मेन. तू बाहेर गेलीस तर मी पण जाईन."

मग तिच्याकडे वळला. "जिनेत, कनेक्टिकटला जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर."

तव्यावरचा प्लॉय करपत होता. जिनेतने तो काढला नाही. तिने खिडकीतून निळ्या आभाळाकडे बघितलं.

"हे पण कालच्या निरोपासारखंच का?"

"कालचं चुकलं," तो म्हणाला. "सकाळपासून सगळे हसतायत. हसू देत. हे चुकलं तर हेही चुकू दे. पण दोन तास थांबून मला आता कुठेच जायचं नाहीय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी लपवलंही नाही. आणि तेव्हा माझं लक्ष त्याच्या स्वेटरकडे गेलं. जिनेतचंही गेलं.

"लुसियेन, स्वेटर उलटा घातलायस."

"माहीत आहे." कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "रात्रीच घातला."

"बर्फासाठी?"

"नाही."

जिनेत वळली, तवा उतरवला, हात पुसले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ती पुन्हा आमच्याकडे वळली तेव्हा अगदी सरळ उभी होती, आणि तिने त्याचाच आवाज काढला, तो रेडिओवाल्याला लाजवणारा.

"नमस्कार. मी जिनेत लागासे बोलतेय. काही अपरिहार्य कारणांमुळे आज उत्तर दोन तास उशिरा मिळेल. सावकाश या, सुखरूप या."

आणि दाराकडे बोट दाखवलं.

तो गेला. लांब नाही, पायरीवरच बसला. खाणावळीतून कुणीतरी बघितलं असणार, कारण थोड्याच वेळात ओनीलची बर्फगाडी दारासमोरून सावकाश गेली, मग परत आली, मग पुन्हा गेली. लुसियेनने भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि पायऱ्या खरवडायला लागला. त्यांच्यावर काही नव्हतं.

आत आम्ही कॉफी प्यायलो. जिनेतने नवे प्लॉय भाजले, गरम राहावेत म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवले, निम्मे लोणी लावून, निम्मे काकवी लावून. बहिणीचा फोन आला. "हो, मी बोलतेय," जिनेत म्हणाली. "हे बघ, ती खोली दे दुसऱ्या कुणाला. नाही गं, तब्येत उत्तम आहे. सगळं नंतर सांगते."

मी उठले आणि दाराकडे धावले. तिने फोन ठेवता ठेवता माझी बाही पकडली.

"बस खाली."

"अगं, बाहेर थंडीने गोठतोय तो."

"कोट आहे त्याच्या अंगात. अजून वेळ व्हायचाय." तिने माझा कप पुन्हा भरला. "मी किती हिवाळे वाट बघत बसले, जर्मेन. त्याला निदान त्याचे दोन तास तरी बसू दे."